नऊ मोती

पंपाला तीन दिवस लागतील, गोदीतला फोरमन म्हणाला.
म्हणजे त्रिएस्तेत तीन दिवस, आणि खिशात भिंग.

नव्या गावात नाण्यांचं दुकान कुणाला विचारावं
याचे माझे ठोकताळे आहेत.
हॉटेलच्या पोरीला नाही; ती सोनं मोडून घेणाऱ्यांकडे धाडते.
टॅक्सीवाल्याला तर नाहीच.
घड्याळजीला विचारावं, बारीक बघणारे त्याला ठाऊक असतात.
तो नसेल तर न्हाव्याला.
कुठल्या म्हाताऱ्याने काय जमवलं
आणि तो गेल्यावर कुठल्या जावयाने ते फुंकलं,
हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

पहिलं दुकान मी आपणहून शोधलं, म्हणजे फसलो.
मोठ्या चौकात काच, काचेत मखमल, मखमलीवर दिवे,
आणि सगळी नाणी नवरदेवासारखी लख्ख.
दोनशे वर्षांची चांदी इतकी पांढरी कशी, म्हटलं,
तर पोरगा ऐटीत म्हणाला, आम्ही धुतो.
जुन्या पत्रावरची शाई खरवडून
कागद किती कोरा निघाला ते दाखवावं, तसा.

दुसरं मासळीबाजारामागे. दारावर चिठ्ठी: उद्या येतो.
उद्या गेलो. तीच चिठ्ठी.

तिसऱ्या दिवशी बोरा सुटला.
डोंगरावरून तो वारा असा उतरतो, जणू वसुलीला निघालाय.
भिंती धरधरत एत्सिओच्या सलूनमध्ये शिरलो
आणि नको असताना दाढी करून घेतली.
गालावर फेस असतानाच विचारलं.
वस्तरा थांबला.
"विकायचंय की बघायचंय?"
बघायचंय.
"मग नेरीना पेर्तोत. पाटी नाही. दुसरा मजला.
बेल दोनदा दाब. एकदा दाबलीस तर तिला वाटेल वीजबिलवाला."

दार साखळीपुरतंच उघडलं.
फटीत एक डोळा. तो माझ्या हातांवर;
नखांत इंजिनाचं तेल, या जन्मी न जाणारं.
फटीतूनच तिने एक नाणं पुढे केलं.
मी ते कडेने धरलं, दोन बोटांत.
साखळी निघाली.

मी थेलर मागितला, त्या गुबगुबीत महाराणीचा.
साल कायम सतराशे ऐंशी. त्याच साली ती गेली,
पण टांकसाळी तिला मरू देईनात.
पेट्यांच्या पेट्या मसावाला, एडनला,
आणि तिकडचा व्यापारी आधी
तिच्या खांद्यावरच्या पिनेतले मोती मोजायचा.
नऊ भरले, तर सौदा.

मीही मोजले. नऊ.
"हा द्या."
"हा नाही देता यायचा. खोटा आहे."
"पण मोती नऊ आहेत."
"लोक मोती मोजतात, हे पाडणाऱ्याला कळत नव्हतं असं वाटतं तुला?"

संगमरवरावर तिने तो टाकला. बद्द.
मग दुसरा टाकला, जुन्या ठशाचा,
आणि खिडक्या हलवणाऱ्या वाऱ्यातही
त्याचा नाद खोलीभर चालत राहिला.

मग तिने खण ओढला, सबंध खोट्यांचा.
शिशाचे, पितळेचे, चांदीचं नुसतं पाणी दिलेले.
प्रत्येकाखाली चिठ्ठी: कुणाकडून, कितीला फसलो.
सगळ्यात जुनी तिच्या वडिलांच्या अक्षरात,
रकमेखाली दोन रेघा.

यातला एखादा विकाल का, मी विचारलं.
ती पहिल्यांदा हसली.
"त्यांच्यावर तर दुकान उभं आहे."

खरा माझ्या ऐपतीबाहेरचा.
वीस चेंतेझिमीचं एक निकेल घेतलं, अर्ध्या युरोला;
मशाल घेऊन उडणारी बाई, नाकडोळे पार झिजलेले.
पावती मात्र तिने साग्रसंगीत केली:
साल, धातू, वजन,
आणि अवस्थेपुढे, जरा विचार करून: खूप वापरलेलं.

रात्री सुटलो.
इंजिनरूममध्ये ते पोलादी पत्र्यावर टाकून पाहिलं,
कान लावून.
पंप सुरू होता. काही ऐकू आलं नाही.