बोटभर जागा

मारेगावच्या दवाखान्यात
सिस्टरनं दंडाले स्पिरिट लावलं.
म्हणे, मंदोदरी, हात ढिला सोड.
मी सोडला.
हातात काही नव्हतंच,
सासूले सांगतलेला
दाताचा डॉक्टर होता फक्त.

सुई मुंगीवानी चावली.
मंग थे काडी आत गेली,
आगपेटीच्या काडीएवढी,
कातड्याखालून, गपचूप,
जशी उशीर झालेली बाई
चप्पल हातात घेऊन ओसरी चढते.

तीन वर्स, सिस्टर म्हणे.
रोजची गोयी नाई, तारखा मोजनं नाई,
कोनाले इचारा लागत नाई.
आन् दुसरं?
दुसरं काय?
मी भिंतीवरच्या लाल रिबिनीकडं पाह्यलं.
थे पट्टी बांधत राह्यली.

थो वणीचा कोयसा घेऊन हैद्राबादले जाते.
पंधरा दिसानं येते,
नखात कोयसा,
आन् लेकीसाठी दर खेपेले
एक प्लास्टिकचा मोर.
वाईट नाई मानूस.
हेच तं कठीन हाय.

एकदा पाकीट समोर ठेवलं होतं.
म्हणे, कोनाकडून शिकली?
रातभर खाट माह्याशी बोलली नाई.

माही जाऊ, गिरजा,
यवतमायहून महिन्याच्या गोया आनते,
करंड्यात लपवते.
मी पाह्यलं तं म्हणे,
कुकूच हाय थे,
त्याच्याच हातचं.

दार लोटून सिस्टर म्हणे,
दोन्ही कामं करनारी एकच काडी
बनवून राह्यले कोठीतरी, दूर.
मारेगावले येईन?
थे हासली. म्हणे, रस्ता पाह्यला ना तू.

शनवारी थो आला.
अंधारात त्याचं बोट दंडावर थांबलं.
हे काय टोचते?
पराटीची काडी मोडली आत.
काहाड ना.
रुतली हाय. राहू दे.

थो झोपला.
बाहेर ट्रक थंडा होत
टक्, टक् वाजत होता.
मी दंड चाचपला.
काडी जाग्यावर.
तिच्या बाजूले
बोटभर जागा मोकयी हाय.
तेथी मी
मच्छरबी बसू देत नाई.