चढ

पारोळ्याला, पोस्टाच्या बोळात
हिलाल बडगुजरांचं दुकान. अर्धं घड्याळांचं, अर्धं छत्र्यांचं.
म्हटलं, भिंतीवरच्या घड्याळाला सेल द्या,
चांगला, महागातला.
त्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं :
"घड्याळले कितली भूक ऱ्हास, ताई?
थेंब थेंब पेस ते.
साधा लई जा."
आणि सुट्टे नाहीत म्हणून
वर एक लिमलेटची गोळी.

घरी आले तर यांनी जुने सेल मांडलेले फरशीवर.
एकेक उचलून वीतभर उंचीवरून सोडत होते.
भरलेला धप्पकन बसतो, जागच्या जागी.
रिकामा उडी मारतो.
हे नातवानं शिकवलं, आणि तेव्हापासून
आमच्याकडे एकही सेल सुखानं मरत नाही.
प्रीतेशच्या गाडीनं टाकलेला टॉर्चमध्ये जातो,
टॉर्चनं टाकलेला रिमोटमध्ये,
तिथे तळहातावर थपडा खाऊन आठवडाभर काढतो,
मग गच्चीवर, वैशाखात, जुन्या लुगड्यावर
कुरडयांच्या शेजारी ऊन खात पडतो
(एकदा एक फुटला, पांढरं पांढरं सांडलं,
पाटीभर कुरडया फेकल्या मी
आणि दोन दिवस यांच्याशी बोलले नाही)
आणि सगळ्यांनी टाकला, की घड्याळात.
तिथे तो दिवाळीपर्यंत चालतो.

सव्वीस वर्षं एसटी चालवली यांनी.
चाळीसगाव सोडलं की कन्नडचा घाट,
पुढे उसाचा ट्रक, मागे झोपलेली पन्नास माणसं.
आता उजवा हात चहाचा कप उचलतो
अर्धा भरला असेल तर.

काल रात्री दोनला जाग आली ती
टिकटिक ऐकू येईना म्हणून नाही,
एकाच जागी येत होती म्हणून.
सेकंदकाटा आठ आणि नवाच्या मध्ये,
एक पाऊल वर, तेवढंच खाली.
मी स्टूल ओढलं, पिशवीतला सेल काढला.

"थांब," अंधारातून आवाज.
"तिथे चढ आहे.
पहिल्यात टाकू दे त्याला."

थांबले.
स्टुलावर उभी, एक हात भिंतीला,
किती वेळ, ते विचारायला घड्याळच नव्हतं.

नवा सेल सकाळी बसवला.
जुना त्यांनी डाव्या हातानं घेतला,
फरशीवर सोडला.

अगं बघ, म्हणाले,
केवढी उडी.