दोन बिट

महापे, सकाळचे सव्वासहा.
जनरेटरच्या लॉगबुकातल्या मागच्या कोऱ्या पानावर
गुणाकार मांडलाय:
एकोणीसशे वीस गुणिले एक हजार ऐंशी,
वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके.
प्रत्येकाला वीस बिट.
उजेड ज्याचा त्याला पूर्ण,
रंग मात्र दोघा शेजाऱ्यांत वाटून;
डोळा तेवढं खपवून घेतो.
सेकंदाला पंचवीस चित्रं.
हातचे घेत घेत येतं
एकशे तीन कोटी अडुसष्ट लाख.

आणि लाइन आपली शंभर कोटींची.

पुढच्या बुधवारी ठाण्याच्या इस्पितळातून
वाशीच्या सभागृहात
एक हृदय दाखवायचंय, उघडं, चालू.
डॉक्टर भाजेकरांनी बजावलंय,
दाबलेलं चित्र नको.
माझा टाका केसाहून बारीक,
तुमचं यंत्र त्याला कचरा समजून झाडून टाकेल.

रोडेसाहेब पान ओढून घेतात.
"वरच्या तीन कोटींसाठी दुसरी लाइन?
दहाच्या जागी आठ बिट धर.
त्र्याऐंशी कोटी. बसतंय की."

बसतंय. मीही करून पाहिलं होतं, खोडलं होतं.
छटेच्या एक हजार चोवीस पायऱ्या होत्या
तिथे दोनशे छप्पन.

"कोणाला कळणार आहे?"

माझी आई बावीस वर्षं
तुर्भ्याच्या मसाला बाजारात मिरच्या निवडायची.
नाकावर पदर, डावीकडे ब्याडगी, उजवीकडे संकेश्वरी,
पुढ्यात कुठल्याच ढिगात न बसणाऱ्या.
शाळा सुटली की मी शिंकत शेजारी बसायचे.
दोन मिरच्या धरायची माझ्यासमोर,
"यातली गेल्या सालची कुठली?"
दोन्ही लाल आहेत, आई.
"नुसतं लाल असं काही नसतं गं. नीट बघ."
कितीतरी दिवस काहीच दिसलं नाही.
मग एका शनिवारी दिसलं,
आणि त्यानंतर न दिसणं जमेना.

साहेब, त्या उघड्या छातीत
सगळंच लाल असणार आहे.
शिकायला आलेल्या पोरांना
कुठलं लाल जिवंत आणि कुठलं मरायला टेकलेलं
हे कुठल्या पायरीवर उभं राहून बघायला सांगू?

ते काही बोलले नाहीत. सहीही केली नाही.
ग्लास पानावर ठेवून फोन घ्यायला बाहेर गेले.

एकशे तीनवर आता चहाचा गोल उमटलाय.
बाहेरची कड जरा गडद,
आतली अजून ओली.