बावीस सेकंद

तिवईच्या एका पायाला अजून
नवरात्रातला आरशाचा तुकडा चिकटलाय,
कुणाच्या तरी चनियाचोळीवरून उडालेला.
मी काढत नाही.

तेव्हा या कॅमेऱ्यामागे ऐंशी हजार होते,
लेस्टर, नैरोबी, न्यू जर्सी,
रात्रभर घेर बघत, जरा डावीकडे घ्या म्हणत,
आमची भाची दिसू दे.
आज फॅकल्टीच्या जुन्या हॉलमध्ये
आकडा: तीन.
त्यातला एक मीच,
आवाज जातोय ना हे फोनवर तपासणारा.
दुसरा दांडिया बाजारातला माझा पार्टनर,
पैसे कधी मिळणार एवढंच बघायला बसलेला.

"सगळं खुलं, सगळं फुकट वाटणारे लोक आहेत,"
ध्वनिलभाई म्हणाले होते,
"तर तुम्ही पण जरा समजून घ्या."
समजून घेतलं. पेट्रोल आणि दोन प्लेट सेव-उसळ.

मंचावर हेमांगी दिघे. दिवसा बँकेत,
रात्री नऊ वर्षं एकाच अक्षराच्या मागे.
म्हणे *दऱ्या* लिहावं
तर काही यंत्रांवर *दर्या* उमटतो.
डोंगराखालची जागा पाण्याने भरते.
र-ची ती भुवई, नखाएवढी,
वाटेत कुठेतरी सांडते.

हॉलमध्ये अकरा माणसं. एक झोपलेलं,
त्याला फ्रेमबाहेर ठेवलं.
हे लग्नांत शिकलो.
सवयीने तिचा चेहरा धरला, उजेड सारखा केला,
तेवढ्यात तिसऱ्याचा निरोप:
*चेहरा नको. पडदा दाखवा. ओळ एकेचाळीस.*

आजवर मला कुणी म्हणालं नव्हतं
चेहरा नको.

वळवला कॅमेरा.
काळ्यावर पांढरी अक्षरं, मला त्यातलं ओ की ठो कळेना,
पण सुईच्या नेढ्यावर धरावा तसा फोकस धरला
आणि श्वास आवरला.

पुन्हा निरोप. मोकोकचुंगहून, नाव इमकोंग.
मराठी येत नाही म्हणे,
पण एकेचाळिसाव्या ओळीत एक खूण राहिली आहे,
न दिसणारी, तरी लागणारी.
जाता जाता हेही, की आमच्याकडे समुद्र नाही,
दऱ्याच आहेत.

ध्वनिलभाईंनी चिठ्ठी पुढे केली.
ती वाचून हेमांगीबाई गप्प.
लाइव्हमध्ये गप्प म्हणजे पोटात गोळा,
मी आधी माइकची वायर चाचपली.
ती पडद्याजवळ गेली, ओळीवर बोट ठेवलं.
"अरे, हो की."
चार कळा दाबल्या. भुवई परतली.
मग माइक तोंडाशी धरून, हळू:
"इमकोंग, नऊ वर्षांत हे मला दिसलं नाही.
थँक यू."
अकराजणांनी टाळ्या वाजवल्या.
झोपलेल्यानेसुद्धा, दचकून.

इथलं तिथे पोचायला बावीस सेकंद.
हेडफोनमध्ये टाळ्या विरत आल्यात
आणि फोनवर ती अजून चिठ्ठीच वाचते आहे,
बोट उचललेलं नाही,
त्याचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही.

केबल दारातून जाते. चहा आलाय, लोक उठताहेत.
मी खुर्ची सोडून
केबलच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा.
"ज़रा साइडथी, भाई, साइडथी."
अकरा.
बारा.