सोलचं

कव्हर वाचून दाखवलं ते म्युन्सिपालटीच्या शाळेतल्या मास्तरांनी.
बाईचं नाव त्यांच्याही जिभेवर ठरेना.
खाली लिहिलंय, म्हणाले, सोल.
मामंजींनी हातातली रापी थांबवली,
"मग आपल्याच धंद्यातली की बाई."

एक लांब केसांचा गोरा आला होता सुभाषनगरात,
त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात.
बारा जोड कानवाल्या घेतल्या, पैसे भरले दहाचे.
उरलेल्या दोन जोडांपोटी
ही काळी तबकडी ठेवून गेला.
सासूबाईंनी ती हिरड्याच्या डब्यावर झाकण म्हणून घातली.

मग दस्तगीर शिकलगार अंगठा तुटलेली चप्पल घेऊन आला.
बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा,
पापाच्या तिकटीमागं मामाचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान.
त्यानं तबकडी सदऱ्यानं पुसली, सुई ठेवली,
आणि दुकानाबाहेर आम्ही सहा जणं उभी,
बोटांना अजून खळ चिकटलेली.

आवाज कसा होता सांगू?
बाभळीच्या सालीत कातडं मुरतं ना,
तसा.
मध्येच फाटायचा,
पण फाटायचा तो टाक्याच्या जागी,
जिथं पुन्हा शिवता येईल.
शब्द एक कळेल तर शपथ.
कडव्याच्या शेवटी ती काहीतरी म्हणायची,
ते मला ऐकू यायचं, जाशील तर जा.
जाऊबाईंना, हाय मी, हाय.
दोघींनी आपापलं धरलं ते धरलं.

पहिल्यांदा बँडवर वाजलं वच्छीच्या पाठवणीला.
वऱ्हाडातला एक म्हातारा पुढं होऊन विचारतोय,
"ह्ये कुठल्या पिक्चरचं?"
दस्तगीरनं तोंडातली पत्ती सारखी केली.
"पिक्चरचं न्हाई. सोलचं."

तेव्हापासून ते सोलचं.
पाच रुपये जास्त घ्या, म्हणायची माणसं,
पण पोरगी जीपमध्ये चढताना सोलचं वाजवा.
खासबागेत हरलेल्या एका पैलवानाला
तालमीत परत आणलं ते त्याच्यावरच,
हळू, जिंकल्यासारखं.
एका पोराच्या बारशाला वाजवलं, तेव्हा मात्र
आत्या भांडल्या, हे रडायचं गाणं आहे.
नाही, दस्तगीर म्हणाला, पण का ते त्याला सांगता येईना.
मामंजींना पंचगंगेवर नेलं
तेव्हा दस्तगीरचा पोरगा माझ्याकडं बघून थांबला.
मी मान हलवली.

तबकडी कुठं गेली कुणास ठाऊक.
दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

परवा नात पुण्याहून आली,
कानातली बोंडं काढून माझ्या कानात घातली.
"आज्जी, ऐक. ह्या बाईनं आपल्या बँडची चाल चोरलीय."

तीच.
टाक्याशी फाटणारी.
पन्नास वर्षं झाली, मी म्हातारी झाले,
ती नाही.
नात अर्थ सांगायला लागली, मी हातानं गप्प केलं.
माझं जाशील तर जा
माझ्यापाशी राहू दे.

"चोरली नाही गं," म्हटलं,
"दोन जोडांत घेतली होती आपण.
आता हिशोब करायला बसलं
तर आपलंच देणं निघेल."
तिला कळलं नाही. फोन वाजला, ती उठून गेली.

मी वेणी घेतली विणायला.
आणि ध्यानात आलं, हात चाललाय तो तिच्याच ठेक्यात,
आत, बाहेर, थांब, आत.
असा कधीपासून चाललाय देव जाणे.
म्हणजे इतक्या जोडांतून
ती गेली असेल दिल्लीला, दुबईला,
कुणा नवरदेवाच्या पायात, कुणा सरपंचाच्या,
आणि एखाद्या गोऱ्याच्या पायातून
तिच्या स्वतःच्या गावातही, फरसबंदीवर,
करकर वाजत,
कुणी मागं वळून बघितलं नसेल.