दप्तर पहिलं

आमच्या काउंटीचं पहिलं दप्तर नदीत आहे.
थट्टा नाही. तळघरातलं फडताळ
दुसऱ्यापासूनच सुरू होतं,
आणि त्याची धूळ पुसणारी मी सतरावी कारकून.

भांडण कचेरीचं होतं : ती असावी कुठे.
सॉल्टर्स फोर्डला, म्हणजे अकरा घरं आणि लोहाराचा भाता,
की पैलतीरी न्यू बेथेलला,
जिथे घरं नऊच, पण चर्चला घंटा होती.
मतदान झालं. मतदारांपेक्षा मतं अडतीस जास्त.
मेलेले तेव्हा इतके नव्हतेच आमच्याकडे,
खेचरांचीही नावं घातली असावीत.

मग फेब्रुवारीतल्या एका रात्री, सन अठराशे सत्त्याहत्तर,
बेथेलकरांनी खुरांना गोणपाट बांधलं,
कचेरीतली लोखंडी पेटी बर्फगाडीवर चढवली
आणि निघाले गोठलेल्या नदीवरून.
पेटीचं वजन कुणी लक्षात घेतलं नाही.
बर्फानं घेतलं.

खेचरं वाचली. हायरम पॉट्स वाचला नाही.
त्याचा मृत्यू ज्या वहीत लिहायचा
ती त्याच्या आधी तळाला पोचली होती.

बर्फ वितळला तेव्हा कुणाची जमीन कुठवर
कुणालाच सांगता येईना.
चतुःसीमा : पूर्वेस वीज पडलेलं कॉटनवूड,
पश्चिमेस माझा शब्द.
एबनेझर स्टाउट म्हणे, माझ्या लग्नाचा तरी कागद कुठाय?
बायकोनं त्याला बिडाचा तवा दाखवला.

शेवटी जज्जानं बोलावलं रांगहिल्ड स्काराला.
नॉर्वेची. सुईण. इंग्रजी तोडकंमोडकं, सही म्हणजे फुली.
तिनं मेजावर ठेवली लोकरीची दोरी, दोन पुरुष लांब.
प्रत्येक बाळंतपणाची खूणगाठ तिनं
खरोखरच बांधली होती :
मुलाची साधी, मुलीची दुहेरी,
जे रडलंच नाही त्याच्या गाठीत काळा धागा.

बोटं सरकत गेली, कारकून लिहीत गेला.
हे टोळधाडीच्या वर्षी, बापानं खोपटाला दार लावायच्या आधी,
म्हणजे ओढ्याकाठची ती पट्टी यांची, डॅनफर्थची नव्हे.
हे गवताच्या वणव्यात, गाडीखाली, ओल्या घोंगडीत.
हे जुळं.
हे आहे, पण आई नाही.

दोन दिवस लागले. तिच्या बोटांना घट्टे होते,
कारकुनाच्या बोटांना फोड आले.

पान चौतीस मात्र मी सावकाश उघडते.
दोरीच्या टोकाला, सगळ्यांच्या आधी,
एक लाल गाठ होती.
हे कुणाचं?
माझं, ती म्हणाली. पहिला हिवाळा.
नवरा पीठ आणायला साठ मैल गेलेला.
नदीकडून एक पॉनी बाई आली,
ओरडणं ऐकून आली असेल.
तिनं मला मोकळं केलं, नाळ कापली,
कसलंसं मूळ उकळून पाजलं, ते कडू होतं.
जाताना स्वतःच्या शालीचा धागा तोडून
गाठ मारून दिली.

आता कुठे असते?
तिचे लोक दक्षिणेला नेले.
कारकुनानं लिहिलं, गेले.
एका अक्षराचा फरक.
त्यांची मक्याची पेवं रिकामी राहिली होती;
आम्ही त्यांत बटाटे ठेवतो, रांगहिल्ड म्हणाली.
हे त्यानं लिहिलं नाही, पण समासात
एक बटाटा काढलाय, का कोण जाणे.

नाव?
तिचं मला माहीत नाही. ती मला हाक मारायची,
तो शब्द येतो.
आणि तिनं तो भर कचेरीत म्हणून दाखवला.
कारकुनाला स्पेलिंग सुचेना.
त्यानं ओळ सोडली.

उन्हाळ्यात लोक येतात दूरदूरच्या राज्यांतून,
पणजोबा शोधतात, फोटो काढतात, आभार मानतात.
ती ओळ अजून कोरीच आहे.
फक्त तिथला कागद इतर पानाहून
जरा जास्त मळलाय, झिजलाय.
माझ्याआधीच्या सोळा जणांतही
कुणीतरी बोट ठेवत असणार.