उताराच्या तोंडाशी

चौदा अंश म्हटलं तर नाशिककर हसेल,
पण घणसोलीत चौदा अंश म्हणजे
माळ्यावरून घरातलं एकुलतं स्वेटर खाली येतं
आणि दिवसभर अंगाला डांबरगोळीचा वास.
पारसिकच्या डोंगरावरून वारा उतरतो,
शटरच्या फटीतून पान्यांपर्यंत पोचतो.
लोखंड हाताला चावतं.

अल्पना सोनटक्के संध्याकाळी आली होती.
डायलिसिसची पहिली पाळी तिची, सहाची.
पहाटे बटण दाबलं की नुसतं घरघरतं, म्हणाली,
आणि दाखवायला दाबलं, तर
गाडी एका बोटात सुरू.
ती ओशाळली,
डॉक्टरच्या दारात ताप उतरलेल्या पोराच्या
आईसारखी.

किक नाही या गाडीला.
म्हणून दहा दिवस ती लावते
पुलाच्या उताराच्या तोंडाशी.
अंधारात दुसरा गिअर, क्लच दाबून घरंगळायचं,
मध्यावर सोडायचा, एक गचका,
कधी दोन.
भाऊ म्हणाला बॅटरी. चौदाशे रुपये गेले.
शेजारी म्हणाला तेल, आणि स्वतःच ओतलं
टेम्पोतलं उरलेलं, गुळाच्या पाकासारखं.

"ठेवून जा," हसुरामदादा म्हणाले.
"दुखणं पहाटे येतं, तर आपण पहाटे उठू."
गाडी रात्रभर उघड्यावर गारठली.
मीही.

दादांचे कान तीस वर्षांच्या सायलेन्सरांनी खाल्ले.
आता आवाज मी ऐकतो आणि त्यांना सांगतो.
ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कव्हरवर टेकवतात,
मूठ दातांत धरतात, डोळे मिटतात.
मी बटण दाबतो.
"सांग."
मोठ्याने म्हणतो, घर्रर्र.
"कसला घर्रर्र? मिक्सर पण करतो."
शोधतो, शोधतो. मग आजोळची ओसरी आठवते.
"रिकाम्या जात्यासारखा, दादा. दाणा नाही आत."
दातांतून मूठ निघते.
"मंग मोटर फिरते, गाडी फिरत नाय.
टक्-टक् असता तर बॅटरी.
खोल डावी बाजू."

तेल सोडलं, ते पडलंच नाही, लोंबलं.
कव्हर निघालं. मॅग्नेटने पाना हातातून ओढून घेतला
आणि अंगठ्याचं कातडंही.
पुलर लावला, एक हातोडी, एकच,
फ्लायव्हील पिकल्या फणसासारखं सुटून हातात आलं.
मागे ती चकती, तिच्यात तीन रोलर,
तीन टाचण्या, तीन स्प्रिंगा
केसाइतक्या.
एक रोलर नखावर फिरवला तर अडखळला,
एका अंगाने झिजून सपाट.
एक स्प्रिंग त्या पाकात रुतून बसलेली,
उन्हात पाक पातळ व्हायचा, ती जागी व्हायची.

दादांनी गिअर तळहातावर धरला.
"हा एकाच अंगाने धरतो. बघ.
मोटरनं ओढलं तर धरायचं.
इंजिन आपल्या पायानं पळाया लागलं
का सोडायचं, लगीच.
नाय सोडलं तर मोटर जळते."
माझ्याकडे बघत नव्हते ते.
फेब्रुवारीत मी रबाळ्याला माझा गाळा घेतोय,
हे मी त्यांना तीनदा सांगितलंय,
दर वेळी त्यांच्या बहिऱ्या बाजूने.

रॉकेलमध्ये सगळं धुतलं.
नवे रोलर, नव्या स्प्रिंगा, बोल्टांना लॉकचा निळा थेंब,
नवं गॅस्केट, आणि कंपनी सांगते तेच तेल.
रात्री पुन्हा बाहेर. पहाटे पुन्हा स्वेटर.
मी बटण दाबलं.
धरलं.
दादांना ऐकू आलं नाही.
ते टाकीवर ठेवलेल्या चहाच्या ग्लासकडे बघत होते,
सायीवर बारीक, गोल लाटा.
"झाली," म्हणाले, आणि ग्लास उचलला.

परवा पहाटे पुलाजवळून गेलो.
गाडी उताराच्या तोंडाशीच उभी,
चाकाखाली तोच विटेचा तुकडा.
अल्पनाताई आली, पायाने वीट सरकवली,
हेल्मेट घातलं,
बटणावर अंगठा ठेवून
थोडा वेळ तशीच बसली.